अंतरालाबाहेर गेलेली मुळं : एका एम.एस्सी. प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी गणित शिकवतो. हे प्रकरण एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रातल्या एका प्रकल्पाचं आहे. विद्यार्थिनीचं नाव देत नाही. तिची हरकत नव्हती, पण यातल्या चुका तिच्यापेक्षा माझ्या जास्त आहेत, तेव्हा तिचं नाव कशाला?

मुलगी पलूसकडून एसटीने यायची. वहीत समास आखून लिहिणाऱ्यांपैकी. विषय तिनेच निवडला होता: क्लासिकल ऑर्थोगोनल बहुपदींची मुळं, म्हणजे जिथे त्यांची किंमत शून्य होते त्या संख्या, नेमकी कुठे असतात. लजाँद्र, चेबिशेव्ह, लागेर आणि हर्माइट, अशी चार प्रकरणं ठरली. प्रत्येकात आधी सिद्धता, मग पायथॉनमध्ये मुळं काढून आलेख. माझ्या मते हा काम करण्याजोगा, फारशी डोकेदुखी नसलेला विषय होता.

लजाँद्रच्या बहुपदी −१ ते १ या अंतरालावर एकमेकींना ऑर्थोगोनल असतात. कोणत्याही दोन वेगळ्या घ्या, गुणाकार करून संकलन (इंटिग्रल) काढा, उत्तर शून्य. त्यावरून निघतं की एन कोटीच्या, म्हणजे सर्वांत मोठा घात एन असलेल्या, बहुपदीची एनच्या एन मुळं वास्तव असतात, एकही दोनदा येत नाही आणि सगळी −१ आणि १ यांच्या आतच असतात. सिद्धता पाच ओळींची आहे. पुढे तिच्याशी दोनदा गाठ पडणार आहे, म्हणून इथेच मांडतो. समजा, अंतरालाच्या आत ही बहुपदी एनपेक्षा कमी ठिकाणी चिन्ह बदलते. नेमक्या त्याच ठिकाणी मुळं असलेली एक छोटी बहुपदी घ्या. दोघींच्या गुणाकाराचं चिन्ह आता कुठेच बदलत नाही, म्हणजे त्याचं संकलन शून्य येऊच शकत नाही. पण छोटीची कोटी एनपेक्षा कमी, तेव्हा ऑर्थोगोनल असल्यामुळे ते शून्यच यायला हवं. विसंगती. या सगळ्याला वेट फंक्शन (संकलनाआधी गुणाकाराला लावायचं वजन, लजाँद्रसाठी ते १) धन असणं आणि ते संकलन मुळात अस्तित्वात असणं, एवढंच लागतं. हे शेवटचं वाक्य मी दरवर्षी वर्गात म्हणतो आणि दरवर्षी कोणी लिहून घेत नाही.

अडचण

प्रकल्प जमा करायला अकरा दिवस उरले होते. विसाव्या कोटीपर्यंतची मुळं छापील कोष्टकांशी आठ-नऊ दशांशांपर्यंत जुळत होती. तिला शेवटी एक ‘भारी’ आलेख हवा होता, म्हणून तिने एकदम पन्नासावी कोटी घेतली. आधीच्या दोन बहुपदींवरून पुढची देणाऱ्या तीन पदांच्या सूत्रावरून सहगुणक काढले, ते पायथॉनच्या नमपाय लायब्ररीतल्या, मुळं काढणाऱ्या ‘रूट्स’ला दिले आणि आलेल्या ठिपक्यांचं चित्र घेऊन ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली.

मधली बरीचशी मुळं वास्तव रेषेवर शहाण्यासारखी बसलेली. दोन्ही टोकांना मात्र ठिपके रेषा सोडून वर-खाली फाकलेले. संमिश्र मुळं, म्हणजे काल्पनिक भाग असलेली! काही तर १ च्या पलीकडे गेलेली.

“सर, प्रमेय चुकीचं तर नसेल ना?”

“प्रमेय दीडशे वर्षांहून जुनं आहे. तुझा एखादा सहगुणक चुकला असेल, सगळे तपासून घे.”

हा पहिला निर्णयाचा क्षण, आणि तो मी चहाचा कप हातातून खाली न ठेवता उडवून लावला. पन्नासाव्या कोटीच्या बहुपदीत फक्त सम घातांची पदं असतात, म्हणजे सव्वीस सहगुणक. तिने ते सव्वीसच्या सव्वीस अपूर्णांकात, हाताने काढून ताडून पाहिले. तीन दिवस गेले. एकही चुकलेला नव्हता.

दरम्यान वर्गातल्या एका मित्राने तिला सोपा उपाय सांगितला: काल्पनिक भाग टाकून दे, वास्तव भाग ठेव. तिने तसं करून प्रकरणाचा मसुदा मला दिला. आलेख −१ ते १ एवढाच काढलेला, त्यामुळे बाहेर गेलेली मुळं चित्रातच नव्हती. शेवटी पडताळणीही होती: मुळांची बेरीज शून्य यायला हवी, आली. मुळांच्या वर्गांची बेरीज लजाँद्रसाठी एन(एन − १) भागिले (२एन − १) असते, म्हणजे पन्नासाला २४५०/९९, सुमारे २४.७४७. मूळच्या संमिश्र यादीवरून काढलेली ही बेरीजही जुळली होती.

मी सही करण्याच्या बेतात होतो. खरंच सांगतो, पेनचं टोपण काढलं होतं. पानं उलटताना परिशिष्टातल्या कोष्टकावर नजर गेली. लागोपाठच्या दोन ओळींत एकच संख्या, शेवटच्या अंकापर्यंत तीच. खाली आणखी एक जोडी तशीच. संमिश्र मुळं जोडीने येतात आणि जोडीतल्या दोघांचा वास्तव भाग एकच असतो, हे तेव्हा ध्यानात आलं. काल्पनिक भाग पुसला तरी जुळं मागे राहिलंच. आणि प्रमेय तर म्हणतं, एकही मूळ दोनदा येत नाही.

मग त्या बेरजा कशा जुळल्या? याचा उलगडा मला रात्री झाला. मुळांची बेरीज आणि वर्गांची बेरीज ही बहुपदीच्या वरच्या दोन-तीन सहगुणकांवरूनच ठरते. संगणकाने काढलेली मुळं म्हणजे खरं तर किंचित वेगळ्या सहगुणकांच्या बहुपदीची मुळं. ते वरचे सहगुणक जवळपास तेच राहिले असतील, तर मुळं कितीही भरकटली तरी बेरीज बरोबरच येणार. ज्या चाचणीत नापास होणं शक्यच नाही, ती पास झाल्याचा आनंद आम्ही मानत होतो.

नेमकं काय बिघडलं होतं

प्रमेय ठीक, सहगुणक ठीक, मग चुकलं कुठे? सहगुणक ज्या रीतीने वापरले, त्या रीतीत.

पन्नासाव्या कोटीच्या बहुपदीची क्ष = १ ला किंमत नेमकी १ असते. पण तिच्या सहगुणकांची चिन्हं आलटून-पालटून धन-ऋण येतात, आणि चिन्ह सोडून त्यांची नुसती बेरीज केली तर ती एकावर अठरा शून्यं इतकी होते. म्हणजे प्रचंड संख्या एकमेकींतून वजा होत होत शेवटी १ उरतो. संगणकाची नेहमीची डबल प्रिसिजन सुमारे सोळा अंक सांभाळते. अठरा शून्यांच्या संख्येचे सोळा अंक ठेवले, तर राउंडिंगची चूक शंभराच्या घरात जाते आणि उत्तर हवंय १. मार्केट यार्डातल्या वजनकाट्यावर हळदीचा ट्रक दोनदा तोलून ड्रायव्हरच्या खिशातल्या नाण्याचं वजन काढण्यातला हा प्रकार. काटा बिघडलेला नाही, त्याला भलतंच काम दिलंय.

विसाव्या कोटीला हीच बेरीज साधारण त्रेपन्न लाख असते. त्याने सोळातले सातेक अंक खाल्ले तरी नऊ उरतात, म्हणून तिथे सगळं छान दिसलं. ही बेरीज दर कोटीमागे साधारण २.४ पट होत जाते, म्हणजे प्रत्येक पायरीला सुमारे ०.३८ अंक जातो. चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या आसपास शिल्लक संपते.

मधली मुळं का वाचली, हेही यातूनच कळतं. क्ष लहान असला की त्याचे मोठे घात नगण्य होतात आणि ते अवाढव्य सहगुणक दबून राहतात. टोकाशी त्यांना रान मोकळं. त्यात लजाँद्रची मुळं टोकांकडेच दाटीने बसतात. पन्नासाव्या कोटीचं सगळ्यात मोठं मूळ ०.९९८८६६, त्याच्या आतलं ०.९९४०३२. दोघांतलं अंतर ०.००४८. मध्यभागी शून्याच्या दोन बाजूंची मुळं ±०.०३१०९८, अंतर ०.०६२२, म्हणजे तेरापट. पन्नासपैकी चौदा मुळं ०.९ च्या पलीकडे, दोन्ही टोकांच्या चिंचोळ्या पट्ट्यांत असतात.

असाच फटका न्यूमरिकल अ‍ॅनालिसिसमधले गणितज्ञ जेम्स विल्किन्सन यांना बसला होता. १ ते २० ही साधी मुळं असलेल्या बहुपदीत एकोणिसाव्या घाताचा सहगुणक −२१० असतो. त्यातून २ चा −२३ वा घात, म्हणजे एकाच्या ऐंशी लाखाव्या भागाहून थोडी कमी एवढी चिमूट वजा केली, तर वीसपैकी दहा मुळं संमिश्र होतात. हे उदाहरण मी स्वतः शिकवतो, न्यूमरिकल अ‍ॅनालिसिसच्या पेपरात. ऑर्थोगोनल बहुपदी मी दुसऱ्या पेपरात शिकवतो. दोन पेपर माझ्या डोक्यात दोन कप्प्यांत होते, आणि अभ्यासक्रमातही ते एकमेकांना कधी भेटत नाहीत.

कोणते पर्याय होते

हातात सात दिवस. आम्ही दोघं आणि विभागप्रमुख मॅडम लॅबमध्ये बसलो.

सर्वांत सोपं म्हणजे कोटी विसावर थांबवायची आणि पुढचं काही झालंच नाही असं वागायचं. मॅडमचा कल याकडे होता. “मुलीचं वर्ष आहे, प्रयोग नंतर करा.” त्यांचं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. सहीसाठी पेन काढलेल्या माणसाने त्यांना नैतिकता शिकवण्यात अर्थ नव्हता.

दुसरा पर्याय, अंक वाढवायचे. पन्नास-साठ अंकांत हिशेब करणारी लायब्ररी पायथॉनला आहे, सहगुणक तर आपल्याकडे नेमके अपूर्णांकात आहेतच. यातून उत्तर बरोबर आलं असतं. पण शंभराव्या कोटीला पुन्हा अंक वाढवा, दोनशेव्याला पुन्हा. रोगाचं नाव न घेता औषधाचा डोस वाढवत नेण्यासारखं.

तिसरा: सहगुणकांच्या वाटेलाच जायचं नाही. बहुपदीची किंमत तीन पदांच्या सूत्रावरून थेट काढायची आणि न्यूटनच्या रीतीने प्रत्येक मुळाकडे जायचं. केव्या मुळासाठी सुरुवातीचा अंदाज (के − १/४) गुणिले पाय भागिले (एन + १/२) या कोनाचा कॉस. हा अंदाज इतका चांगला आहे की दोन-तीन फेऱ्यांत काम होतं.

चौथा मी सुचवला. तीन पदांच्या सूत्रातले आकडे एका सममित मॅट्रिक्समध्ये मांडले, तर तिच्या आयगनव्हॅल्यू (मॅट्रिक्सवरून ठरणाऱ्या तिच्या खास संख्या) म्हणजेच बहुपदीची मुळं. गोलब आणि वेल्श यांनी १९६९ मध्ये, मोजक्या बिंदूंवरच्या किमतींवरून संकलन काढणाऱ्या गाऊसच्या संकलनसूत्रांसाठी याचीच पद्धत बसवून दिली. लजाँद्रसाठी मॅट्रिक्सचा कर्ण सगळा शून्य, आणि त्याला लागून वर-खाली के भागिले √(४के² − १). वास्तव सममित मॅट्रिक्सच्या आयगनव्हॅल्यू वास्तवच असतात आणि मॅट्रिक्स जेवढी हलली त्याहून जास्त त्या हलत नाहीत. संमिश्र मुळाला इथे शिरायला दारच नाही.

तिला चौथा पटला, पण तिने एक अट घातली. “आधी कागदावर करून बघू, सर. परत रूट्ससारखं नको.”

काय केलं

फळ्यावर दोन बाय दोनची मॅट्रिक्स मांडली. कर्णाबाहेर १/√३, म्हणून आयगनव्हॅल्यू ±१/√३, म्हणजे ±०.५७७३५. दुसऱ्या कोटीची मुळं हीच. मग तीन बाय तीन: दुसरी नोंद २/√१५. आयगनव्हॅल्यूचा वर्ग १/३ + ४/१५ = ९/१५ = ३/५. मुळं ० आणि ±√(३/५). जुळलं. लॅबचे मामा दिवे बंद करायला येऊन उभे होते, त्यांना म्हटलं, अजून दहा मिनिटं.

नवा प्रोग्राम बारा ओळींचा झाला. पन्नास मुळं, सगळी वास्तव, सगळी आत. पण यावेळी पडताळणी काळजीपूर्वक निवडली. बेरजा बाद केल्या. त्याऐवजी एकोणपन्नासाव्या कोटीची मुळं काढून पाहिलं, की पन्नासाव्याच्या लागोपाठच्या प्रत्येक दोन मुळांमध्ये त्यांतलं नेमकं एकच बसतं का. बसलं. मग न्यूटनच्या रीतीने स्वतंत्रपणे काढलेल्या मुळांशी तुलना केली. फरक शेवटच्या एक-दोन अंकांतच.

आता ते बिघडलेलं चित्र काढून टाकायचं की ठेवायचं? मी म्हटलं, परिशिष्टात टाक. तिने ते प्रकरणाच्या पहिल्याच पानावर घातलं आणि त्याच्या शेजारी नवं. टोकांशी दाटी का होते यासाठी स्टिल्टयेसची १८८५ ची कल्पनाही जोडली: मुळं म्हणजे एका रेषेवर एकमेकांना लॉगच्या नियमाने ढकलणारे सारखे भार, आणि ±१ ला त्यांच्या निम्म्या ताकदीचा एकेक भार खिळलेला. सगळे स्थिर होतात तिथे लजाँद्रची मुळं. गर्दीला मधून बाहेर रेटा बसतो, म्हणून टोकाला चेंगराचेंगरी.

दुसरी ठेच

तीन दिवस उरले असताना लागेरच्या प्रकरणात गडबड झाली. इथे अंतराल ० पासून अनंतापर्यंत, त्यामुळे मुळं सगळी धन हवीत. वेट फंक्शनमध्ये क्षचा अल्फावा घात असतो. अल्फाच्या चार किमती घ्यायच्या होत्या: −०.५, ०, ०.५, १.५. संध्याकाळी तिचा फोन आला. नवा प्रोग्राम आकड्याऐवजी ‘नॅन’ (‘ही संख्याच नाही’) दाखवतोय, आणि जुन्या रूट्सने दुसऱ्या कोटीचं एक मूळ ऋण येतंय.

“परत राउंडिंगच असेल ना, सर?”

“हो, जुन्या प्रोग्रामचं काही खरं मानू नको.”

पहिल्या वेळी प्रमेयावर विश्वास ठेवून मी सहगुणकांना दोष दिला होता. या वेळी नुकत्याच शिकलेल्या धड्यावर विश्वास ठेवून राउंडिंगला दिला. दुसऱ्या कोटीत राउंडिंग कसलं! तीन सहगुणकांची बहुपदी ती.

तिचा मात्र माझ्या उत्तरावर विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी एसटीत बसून तिने वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. तिच्या हातून अल्फा −१.५ टाइप झाला होता, १.५ च्या जागी. तो घेतला तर दुसऱ्या कोटीचं समीकरण होतं क्ष² − क्ष − ०.२५ = ०. मुळं (१ ± √२)/२, म्हणजे १.२०७१ आणि −०.२०७१. ऋण मूळ खरंच होतं, संगणक बरोबर होता.

मग प्रमेय? अल्फा −१ किंवा त्याहून कमी असला की शून्यापाशी ते संकलनच अस्तित्वात राहत नाही. गृहीतक मोडलं, तिथे प्रमेय लागूच नाही. नव्या प्रोग्रामने तर हे स्पष्ट सांगितलं होतं: मॅट्रिक्समध्ये √(के(के + अल्फा)) येतं, आणि के = १ ला ते √(−०.५). ‘नॅन’ म्हणजे मोडलेल्या अटीची पावतीच होती, आणि आम्ही दोघांनी ती न वाचता बाजूला सारली.

निकाल

प्रकल्प वेळेत जमा झाला, हर्माइटचं प्रकरण थोडं आखूड करून. व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सिद्धतेवर दोन प्रश्न विचारले आणि मग नेहमीचा तिसरा: “याचा उपयोग काय?”

मी तिला गाऊसच्या संकलनसूत्रावर बोलायला तयार केलं होतं. ती बोलली कृष्णेबद्दल. तिचे मामा नदीच्या प्रवाहमोजणीवर रोजंदारीने जायचे. पात्रात एका जागी पाण्याचा सरासरी वेग हवा असेल तर प्रवाहमापक पृष्ठभागापासून ०.२ आणि ०.८ खोलीवर धरतात आणि दोन वेगांची सरासरी घेतात. दोन बिंदूंच्या गाऊस सूत्राचे बिंदू ० ते १ वर आणले तर येतात ०.२११ आणि ०.७८९. “मामांना लजाँद्र माहीत नाही,” ती म्हणाली. परीक्षकांनी लगेच विचारलं, पाणी उथळ असलं तर एकाच बिंदूवर मोजतात, तो ०.६ खोलीला. गाऊसचा एक बिंदू तर ०.५ ला येतो, मग? ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, तळाशी वेग झपाट्याने कमी होतो, वेगाची रेघ सरळ नसते. लॉगची धरली तर सरासरी वेग ०.६३ च्या आसपास सापडतो. हे तिने कुठे वाचलं, मला माहीत नाही. माझ्याकडून तरी नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशीच वीस आणि पन्नास यांच्या मधल्या कोटी चालवून पाहायला हव्या होत्या. तीस, पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस. चूक टायपिंगची असती तर ती अशी हळूहळू, टोकांकडून आत सरकत आली नसती. पाच मिनिटांचं काम आणि तीन दिवस वाचले असते.

मित्राने सांगितलेला उपाय तिने मला न विचारता वापरला, याबद्दल मी तेव्हा तिला बोललो. आता वाटतं, “सगळे सहगुणक तपास” एवढं सांगून चहाकडे वळणाऱ्या माणसाला तिने पुन्हा काय विचारायचं होतं?

मॅडमच्या पर्यायाबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. विद्यार्थिनी थोडी कच्ची असती, तर मी विसावरच थांबलो असतो, फक्त का थांबलो याची दोन वाक्यं अहवालात लिहायला लावली असती.

तो बारा ओळींचा प्रोग्राम आता पुढच्या तुकडीला देतो. लागेरसाठी तिने सुरुवातीला एक ओळ वाढवलीय. चुकीचा आकडा टाकला की पडद्यावर मराठीत येतं: “अल्फा −१ पेक्षा मोठा हवा, वही बघा.” परवा एका मुलाने विचारलं, सर, बरोबर −१ घेतला तर? मी म्हटलं, पहिल्या कोटीची काढून बघ. त्याने काढली. मूळ नेमकं शून्यावर, उंबऱ्यावर आलं.